आमच्या साडूंना सूट नको

सरकारने दिलेली सूट सरकारला परत करायला गेलेला माणूस अख्ख्या दिल्लीत आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. वास्तविक हे शहरच सवलतींवर चालतं. इथला माणूस सकाळी उठतो तो आज कुठे काय सूट मिळेल याचा विचार करतच. रांग दिसली की ओळख काढतो, पार्किंगवाल्याला ‘अपना ही आदमी है’ म्हणून कुणाचं तरी नाव सांगतो, आणि निवडणुकीची ड्यूटी लागली की आठवड्याभरात पाठ, गुडघा आणि रक्तदाब असे तीन आजार कागदोपत्री मिळवतो. माझे साडू जन्मापासून आंधळे. त्यांना दृष्टिहीन म्हटलेलं खपत नाही; ‘हीन कशाला करता? आंधळा म्हणा, चांगला मराठी शब्द आहे,’ असं ठणकावतात. तर या माणसाला देशातल्या निम्म्या कटकटींतून आपोआप सूट आहे, आणि सूट हा शब्द कानावर पडला की त्यांना ठसका लागतो.

एका निवडणुकीत त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांना ड्यूटीची पत्रं आली, यांना आलं नाही. बाकीचे रडत होते, हे रागावले. जिल्हा कार्यालयात जाऊन खिडकीवर म्हणाले, “मुझे भी ड्यूटी चाहिए।” आतला बाबू म्हणाला, “आपको तो छूट है, भाई साहब।” साडू म्हणाले, “वही वापस करने आया हूँ।” बाबूने तीन कपाटं उपसली. सूट मागायचा फॉर्म होता, सूट परत करायचा नव्हता. शेवटी वरच्या साहेबांना विचारून असं ठरलं, की साडूंनी आधी रीतसर सूट मागावी, ती मंजूर व्हावी, आणि मग त्या मंजुरीविरुद्ध अपील करावं. साडूंनी हे सगळं केलं. अपिलाच्या रांगेत उभे राहिले तेव्हा शिपायाने दंडाला धरून त्यांना सर्वांत पुढे नेऊन उभं केलं, कारण रांगेतूनही त्यांना सूट होती. अपिलाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर निवडणूक होऊन नवं सरकार बसलंही होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला मीही ताईच म्हणतो. दोन्ही घरं मयूर विहारमध्ये, मध्ये एक बाग आणि भाजीच्या गाड्यांची रांग, त्यामुळे गेली तीस वर्षं एकही रविवार असा गेला नाही की मी त्यांच्याकडे गेलो नाही किंवा ते आमच्याकडे आले नाहीत. एकमेकांना आम्ही साडूराव म्हणतो. यात आदर किती आणि खोडी किती हे दोघांनीही कधी तपासलेलं नाही.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. साडूंचा सगळा कारभार त्यावर. पण इतरांना कळेल अशा वेगाने तो बोलला तर त्यांना झोप येते. त्यांनी वेग इतका वाढवून ठेवला आहे, की ऐकणाऱ्याला कुठली भाषा आहे तेही उमगत नाही. एकदा इथल्या मराठी मंडळातल्या एक आजी ताईकडे हळदीकुंकवाला आल्या. आतल्या खोलीतून तो आवाज येत होता. आजींना वाटलं विष्णुसहस्रनाम चाललंय. त्या डोळे मिटून, हात जोडून पंचवीस मिनिटं बसल्या. आत प्रवासभत्त्याचं परिपत्रक चालू होतं. ते संपल्यावर आजींनी नमस्कार करून प्रसाद मागितला, आणि ताईनेही चेहऱ्यावरची रेषा न हलवता त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली.

या सवयीमुळे हाडामांसाची माणसं त्यांना फार रटाळ वाटतात. तुम्ही वाक्य सुरू केलंत की ते मनातल्या मनात पुरं करून उत्तर देऊन मोकळे होतात, आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबर असतं हा आणखी मनस्ताप. स्क्रीन रीडरला गप्प करायला कंट्रोल नावाचं बटण दाबतात. साडू माणसांनाही ‘कंट्रोल!’ म्हणतात. गणपतीला आमच्याकडे नोएडाहून एक गुरुजी येतात. प्रत्येक मंत्रानंतर दहा मिनिटं अर्थ सांगायची त्यांना हौस. एका वर्षी प्राणप्रतिष्ठा चालू असताना साडू ओरडले, “कंट्रोल!” गुरुजींना वाटलं, हे प्राणायाम सुचवताहेत. त्यांनी श्वास कोंडून धरला, आणि चेहरा लाल झाल्यावर माझ्या बायकोने त्यांना पाणी दिलं. तिच्याच गोष्टींवर साडूंचा दुसरा उपाय असतो. लांब मजकुरात एच दाबलं की स्क्रीन रीडर पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. माझी बायको करोल बागेतल्या साडीखरेदीची हकीकत मेट्रोच्या जिन्यापासून सांगू लागली, की साडू सोफ्यावर बसल्या बसल्या पुटपुटतात, “एच… एच… एच.” ती तरीही जिना गाळत नाही.

ऑफिसात ते आधी टेलिफोन ऑपरेटर होते. एका मंत्रालयाचे चारशे नंबर त्यांना पाठ, आणि नंबरच्या मालकांचे मूडही पाठ. मग थेट फोन आले, एक्सचेंज बंद पडलं, आणि साडूंना एका कोपऱ्यात टेबल-खुर्ची देऊन सांगण्यात आलं, “आप आराम से बैठिए, तनख़्वाह मिलती रहेगी।” अडीच वर्षं ते तसे बसले. नऊच्या ठोक्याला जायचे, साडेपाचला परत यायचे, आणि मधल्या वेळात टेबलाच्या लाकडावर बोटं फिरवायचे. त्याबद्दल ते एकदाच बोलले. म्हणाले, “साडूराव, डबा उघडायची लाज वाटायची हो. असं काय केलंय म्हणून भूक लागलीय, असं कुणी विचारलं तर काय सांगू?” पुढे कॉम्प्युटर आला, स्क्रीन रीडर आला, साडूंनी सहा महिन्यांत तो आत्मसात केला आणि टिपणं लिहिण्याच्या कामावर रुजू झाले. त्या टेबलाशी परत बसायचं नाही, एवढी एकच गोष्ट या माणसाला आयुष्यात हवी होती.

आणि गेल्या वर्षी ऑफिसात आदेश निघाला. सगळ्या मशीनवरून विंडोज जाणार, लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम येणार. नव्या सिस्टीमवर टिपण लिहिण्याची परीक्षा सगळ्यांनी द्यायची, जो पास होईल त्यालाच लिहिण्याचं काम. शेवटी एक ओळ होती: दृष्टिबाधित कार्मिकों को छूट रहेगी, उनका कार्य अन्य कार्मिकों को सौंप दिया जाएगा. साडू तडक साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. म्हणाला, “अरे, डेढ़ साल तो बचा है आपका। अब इस उमर में नया सिस्टम कहाँ सीखेंगे? आराम कीजिए, बिल्कुल टेंशन मत लीजिए।” साडू घरी आले ते जेवले नाहीत. ताईने मला फोन केला, “तू ये जरा. यांना कुणीतरी परत आराम करायला सांगितलंय.”

मी गेलो तेव्हा त्यांचा निश्चय झाला होता. आधी घरचा कॉम्प्युटर बदलायचा, सराव करायचा, मग परीक्षा. मी म्हटलं, जुनी सिस्टीमही राहू द्या बाजूला, अडीअडचणीला. “नाही,” ते म्हणाले. “विंडोज म्हणजे खिडक्या. पंचवीस वर्षं खिडक्यांत काढली, साडूराव, एकीतूनही वारा आला नाही. आता पुरे.” जुन्या फाइली त्यांनी पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या. नवी सिस्टीम चढवताना ती आपण होऊन बोलणार नाही, आणि बोलती कशी करायची हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून तेवढा वेळ स्क्रीन रीडरच्या जागी माझी नेमणूक झाली.

पहिली अडचण मॉनिटरची. आंधळ्याच्या घरात मॉनिटरला काय काम? तो तेरा वर्षं माळ्यावर होता. उन्हाळ्यात तो गच्चीत आडवा टाकून ताई त्याच्या सपाट पडद्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायची. तो खाली काढला, पुसला, जोडला. मी चष्मा लावून बसलो आणि म्हणालो, “उजवीकडे वर एक गोल पांढरं बटण आहे.” “नाव काय त्याचं?” “नाव काही लिहिलेलं नाही.” साडू अनुभवी आवाजात म्हणाले, “बिननावाची बटणं फार असतात. सगळा त्रास त्यांचाच. दाबा.” मी माउस नेऊन नेऊन दाबलं. काही होईना. शेवटी ताईने येऊन नखाने खरवडून ते काढलं आणि ती पापडी आहे असं जाहीर केलं.

दुसरी अडचण मी स्वतः. माझी अख्खी नोकरी एका सरकारी छापखान्यात मराठी मुद्रितं तपासण्यात गेली. मला अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट वाचायची सवय. साडू दर वाक्याला डाफरत होते. “साडूराव, वाचा फक्त. रसग्रहण नको.” “अहो, पण हे वाक्यच सदोष आहे!” “स्क्रीन रीडर मत देत नाही. पुढे!” त्यातून अभिमानापोटी आम्ही भाषा निवडली होती मराठी. पडद्यावर आलं, ‘आरोहण बिंदू निवडा’. मी वाचलं. साडू म्हणाले, “परत.” मी परत वाचलं. दोघेही जन्माने मराठी, मी तर मराठीच्याच पगारावर जगलेला, पण हे कुणाला आणि काय विचारताहेत ते कळेना. ताई आतून म्हणाली, “आरोह आहे तर पुढे अवरोह येईल, थांबा जरा.” आम्ही चहा होईपर्यंत अवरोहाची वाट पाहिली.

मग ते वाक्य आलं. मी संथपणे वाचू लागलो, “पुढील कृती केल्यास या संगणकावरील सर्व…” आणि साडूंनी सवयीप्रमाणे वाक्य मनातल्या मनात पुरं करून एंटर दाबलं. “…माहिती कायमची पुसली जाईल,” मी म्हणालो. “सर्व कार्यक्रम बंद होतील असं असणार वाटलं,” ते म्हणाले. तर असे परतीचे दोर कापले गेले, आणि तेही वाक्य पुरं होण्याआधी.

अर्ध्या तासाने पडदा निळा झाला, चित्रं आली, मी म्हटलं, “झालं बघा!” पण आवाज आला नाही. साडूंनी कागदावरून पाठ केलेली स्क्रीन रीडरची बटणं दाबली. आवाज नाही. परत दाबली. नेहमी कीबोर्डवर नाचणारी त्यांची बोटं कडेला येऊन थांबली. मी म्हटलं, “अहो, स्क्रीन तर छान दिसतेय.” ते हळूच म्हणाले, “तुम्ही लोक मला नेहमी विचारता ना, अंधार कसा असतो? मला कधी माहीत नव्हतं. हा असा असतो.” तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. ताईने चटणी वाटायला स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावलेला स्पीकरचा प्लग काढून मिक्सरचा लावला होता. तीस वर्षांत चटणीवरून त्या घरात एवढं भांडण झालं नसेल.

प्लग परत लागला आणि नवी बाई बोलली. जुन्या सिस्टीमवरचा आवाज विकत घेतलेला, गोड, घोटून गुळगुळीत केलेला होता. ही घसा बसलेल्या, रागीट हेडबाईंसारखी. साडू म्हणाले, “ही कोण आता?” पुढचे तीन आठवडे त्या दोघांचं हाडवैर होतं. पंचवीस वर्षांच्या सवयीने बोटं जुनी बटणं दाबायची आणि नवी सिस्टीम भलतंच काहीतरी करायची. वेळ विचारली की फाइल बंद, फाइल उघडली की आवाज बंद. त्या भरात एक दिवस साहेबांना पाठवायचा अर्ज चुकून मंत्रालयातल्या सगळ्या पत्त्यांवर गेला, तोही तीनदा. त्यात एकच वाक्य पुरं टाइप झालेलं होतं: मुझे छूट नहीं चाहिए. कर्मचारी संघटनेला वाटलं नवं आंदोलन आहे. दुपारच्या सुट्टीत गेटवर सात माणसं ‘छूट नहीं चाहिए, नहीं चाहिए!’ अशा घोषणा देत उभी राहिली. कसली छूट हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत चाळीस झाली. साहेबाने घाबरून साडूंना बोलावलं आणि परीक्षेची परवानगी हातावर ठेवली.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेलो आणि दाराशी बाकावर बसलो. आत सगळे डोळस हवालदिल झाले होते. माउस फिरवून फिरवून टेबलं झिजवत होते, कुणाला फाइल कुठे साठवायची ते सापडत नव्हतं, कुणाचं टाइप केलेलं गायब झालं होतं. साडू एका कानाला हेडफोन लावून खडाखडा टाइप करत होते. थोड्या वेळाने शेजारच्या दोघांनी कुजबुजून विचारलं, “भाई साहब, सेव कैसे करते हैं?” यांनी न थांबता बटणांची नावं सांगितली. निरीक्षकाने त्या दोघांना उभं केलं. आंधळ्याची कॉपी करताना दोन डोळस माणसं पकडली गेली, असा प्रसंग सरकारदरबारी प्रथमच नोंदवला गेला असावा. साडू बाहेर आले ते नव्या नवरदेवासारखे. मेट्रोत एका मुलीने उठून जागा दिली, तर तिला म्हणाले, “बैठी रहो बेटा, आज मैं खड़ा ही रहूँगा।”

चार दिवसांनी यादी लागली. त्यांच्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘उत्तीर्ण’. साडूंनी मार्क विचारले. बाबू म्हणाला, “मार्क्स का क्या करेंगे? आपको तो पास करना ही था। साहब ने पहले ही बोल दिया था।” त्यांचा पेपर कुणी उघडलासुद्धा नव्हता. काम त्यांचं त्यांच्याकडेच राहणार होतं. दुसरा कुणी असता तर घरी येऊन खीर करायला सांगितली असती. साडू दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर जाऊन बसले. “मेरा पर्चा जाँचिए।” “जाँच लिया समझिए।” “समझ नहीं सकता सर, जाँचिए।” दोन दिवस ते तिथून हलले नाहीत. नापास झालात तर काम जाईल, असं साहेबाने बजावलं. साडू म्हणाले, “जाने दीजिए।” तिसऱ्या दिवशी पेपर तपासायला गेला.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. “साडूराव, नापास! चक्क नापास झालो!” त्यांच्या आवाजात इतका आनंद होता, की मी दोनदा खात्री करून घेतली. मी पोचलो तेव्हा टेबलावर पेढ्यांचा पुडा होता आणि ताई कपाळाला हात लावून बसली होती. “आयुष्यात पहिल्यांदा, साडूराव,” ते म्हणाले. “शाळेत मला चित्रकलेतून सूट, भूगोलाच्या नकाशातून सूट, कवायतीतून सूट. कुणी कधी नापास केलंच नाही. घ्या, पेढा घ्या. फेरपरीक्षा आहे पुढच्या महिन्यात, सगळ्या नापासांबरोबर.” मग खिशातून पेपर काढून माझ्या हातात दिला. “आता कुठे मार खाल्ला ते वाचा. सिस्टीम तर सगळी जमली होती.”

मी वाचलं. लाल शाईत शेरा होता: मात्राओं की अत्यधिक अशुद्धियाँ. रजेच्या टिपणात ‘दो दिन’ऐवजी सगळीकडे ‘दो दीन’ झालं होतं, त्यामुळे कुणीतरी दोन दीनांची रजा मागत होतं. ‘कि’ आणि ‘की’ मन मानेल तशा आल्या होत्या. “मात्रा? कसल्या मात्रा?” साडू म्हणाले. “पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी,” मी म्हटलं. ते म्हणाले, “ब्रेलमध्ये मला सगळं येत होतं हो. मग कानाने वाचायला लागलो. कानाला दोन्ही सारख्याच लागतात. म्हणजे बोटं विसरली.” आणि मग, अगदी सहज, “पण हे काही आजचं नसणार. मग आजवर कुणी बोललं कसं नाही?”

मी पेढा खाली ठेवला. मी मुद्रितशोधक माणूस. लग्नाच्या पत्रिका आल्या की शुभेच्छांआधी चुका कळवणारा. हॉटेलचं मेनूकार्ड मी पेनाने दुरुस्त करतो, सोसायटीच्या फलकावरची ‘विज बंद’ मी खुर्चीवर चढून ‘वीज’ केली आहे. आणि साडूंचे निरोप मला पंधरा वर्षं येत होते. ‘आज आमच्याकडे पाणि नाही’, असं त्यांनी लिहिलं होतं. पाणि म्हणजे हात. मी हसून बायकोला दाखवलं होतं आणि त्यांना ‘टँकर मागवा’ एवढंच कळवलं होतं. “साडूराव,” त्यांनी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” मी म्हटलं, “हो.” “किती वर्षं?” “पहिल्या निरोपापासून.” ऑफिसातही कुणीतरी रोज त्यांची टिपणं मुकाट्याने दुरुस्त करत असणार, हे तेव्हाच दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा मिटून बाजूला सारला. मग म्हणाले, “म्हणजे तुम्हीपण मला पासच करत होतात.” मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी जेवलो नाही, आणि रविवारी लाल पेन घेऊन त्यांच्याकडे गेलो. महिनाभर मी त्यांना दया दाखवली नाही. ‘पहिली की दुसरी?’ हा एकच प्रश्न त्या घरात घुमत होता. ताई तर भाजीवाल्यालाही तेच विचारायला लागली होती. गंमत अशी, की जुन्या गोड बाईने जे सगळं गिळून टाकलं होतं, ते ही नवी हेडबाई गिळत नव्हती. वेग कमी केला की तिची दुसरी वेलांटी चांगली लांब ओढलेली ऐकू यायची. साडूंनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वेग कमी केला. आम्ही कडाडून भांडलोही. ‘माणुस’ला दुसरा उकार का म्हणून त्यांनी माझ्यावर आवाज चढवला, आणि मी त्यांच्यावर चढवला, आणि मला फार बरं वाटलं. फेरपरीक्षेत ते पास झाले, काठावर, तीन मार्कांनी.

आता ते निवृत्त होतील. काम शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याकडेच आहे, साहेब त्यांची टिपणं स्वतः तपासतो आणि चुकलं तर परत पाठवतो, आणि परत आलेलं टिपण साडू मला फोन करून अभिमानाने सांगतात. गेल्या आठवड्यात त्यांनी निरोपसमारंभाचं भाषण लिहून पाठवलं. आधी मराठीत लिहून मग हिंदी करणार होते, म्हणजे हा कागद माझ्याशिवाय कुणाच्या नजरेस पडणार नव्हता. भाषण चांगलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘या कार्यालयाने मला सगळे न मागता दीले, फक्त काम मला मागून घ्यावे लागले.’ वाचून माझे डोळे भरून आले. ‘दीले’ची वेलांटी दुसरी होती. आता बोलायच्या भाषणात वेलांटी कुणाला दिसणार आहे, असू दे, असं वाटून मी चष्मा काढून ठेवला. थोडा वेळ तसाच बसलो. मग चष्मा परत लावला, लाल पेनाने दुसरी खोडून पहिली काढली, आणि साडूंना फोन करून तसं सांगितलं.